पहिलं वाढप

नदीपलीकडच्या राज्याशी जुनं वैर होतं, पण तिथे दुष्काळ पडला तेव्हा चंद्रसेन महाराजांनी भाताची पातेली पाठवली. स्वतःही गेले, कारण फुकटचं कौतुक कोण सोडतो? पैलतीरावर सिंहासन मांडून ते म्हणाले, "आधी वाकून मुजरा, मग भात."

एक म्हातारी रिकामी थाळी घेऊन तशीच परत फिरली. तिच्यामागून सगळेच वळले.

"उपाशी मरतील, पण वाकणार नाहीत!" महाराज संतापले आणि त्यांनी मुदपाकखान्याच्या भागूबाईला उपाय विचारला.

"पंगत बसवू, महाराज. पहिलं वाढप आपल्या हातचं."

मान आपलाच, म्हणून महाराज खूश झाले. पत्रावळी मांडल्या, माणसं येऊन बसली, ती म्हातारीही बसली. महाराज एकेका पानापुढे वाकून वाढू लागले. विसाव्या पानाला पाठ भरून आली, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

"शत्रूच्या रयतेपुढे तू मलाच वाकवलंस?"

"पंगतीत वाढणाराच वाकतो, महाराज. जेवणाऱ्याला वाकवायची रीत मला तरी ठाऊक नाही."

तेवढ्यात म्हातारीने आपल्या पानावर हात आडवा धरला. "पुरे रे बाबा. पुढच्या पानांनाही पुरायला हवं."

महाराजांना मान वर करवेना. खाली बघतच ते पुढच्या पानाकडे सरकले.