निजलेले रांजण

विहारात सकाळची झाडलोट चालली होती. तेवढ्यात गावातून निरोप आला, की भिक्षूंची चीवरे रंगवणारी म्हातारी उपासिका चंदा पहाटे गेली. एक तरुण भिक्षू म्हणाला, "भली बाई. चार अक्षरं शिकली असती, तर केवढी झाली असती!"

शास्ते, म्हणजे विहाराचे गुरू, त्याच्याकडे वळले. मग म्हणाले, "मीच एकदा तिच्याजवळ शिकलो आहे." आणि त्यांनी मागल्या जन्मीची गोष्ट सांगितली.

गोदावरीकाठच्या एका नगरात त्या जन्मी बोधिसत्त्व रंगाऱ्यांच्या श्रेणीचा, म्हणजे संघाचा, कारभारी होता. तक्षशिलेहून तो व्यापाराचे शास्त्र शिकून आला होता. त्यातले एक सूत्र त्याच्या मनात पक्के बसले होते: साधन रिकामे ठेवू नये. श्रेणीत निळीचे बारा रांजण होते आणि त्यांतले आठ रोज झाकलेले असत.

एके दिवशी राजाज्ञा आली. पंधरा दिवसांत तीनशे निळी वस्त्रे द्या, नाहीतर नदीचा घाट दुसऱ्या श्रेणीला जाईल. चाळीस घरे त्या घाटावर जगत होती.

"सगळी झाकणं काढा," बोधिसत्त्व म्हणाला.

उत्पलामाय ही सर्वांत जुनी रंगारीण. ती रांजणाला हात लावून उभी राहिली. "एक दिवस राबला की दोन दिवस निजतो हा. उठवू नकोस, बाळा."

"माय, रांजण काय लेकरू आहे?"

"लेकरू परवडलं. ते रडतं तरी. हा गुपचूप मरतो."

बोधिसत्त्व हट्टाला पेटला नाही. त्याने एकच रांजण उघडून पाहिला. त्यात बुडवलेले वस्त्र राखाडी निघाले, आणि नदीत खळबळताच तेवढाही रंग वाहून गेला.

"कारभारी, पोथीत नीळ कालवायची राहिली वाटतं!" पुष्कर नावाचा रंगारी ओरडला. सगळे हसले. बोधिसत्त्वही हसला.

दुसऱ्या दिवशी तो सकाळपासून नुसता बघत बसला. नव्या कापडाची खळ धुऊन निघेतो दुपार होई. तोवर जागे रांजण तसेच वाट पाहत.

"माय, झोप हे रांजणाचं कामच आहे. रिकामे राहतात ते जागे रांजण. सूत्र खरं होतं, मी ते भलत्या जागी लावलं."

"मग कापड आदल्या दिवशीच धुऊ की! एवढ्यासाठी तक्षशिलेला गेला होतास होय रे?"

पंधराव्या दिवशी दोनशे सत्तर वस्त्रे झाली. पुष्कर म्हणाला, "उरलेली तीस निजलेल्या रांजणांत बुडवू. वस्त्र धुतल्याशिवाय राजाला कळतंय कुठे?"

"त्याला नाही कळणार. आपल्याला कळलेलं आहे," बोधिसत्त्व म्हणाला. तो दोनशे सत्तर वस्त्रे घेऊन राजापुढे उभा राहिला, जे होते ते सांगितले आणि पाच दिवस मागितले. राजाने एक वस्त्र समोर धुऊन घेतले. पाणी निर्मळ राहिले. राजाने मुदत दिली आणि घाट श्रेणीकडेच राहिला.

शास्ते तरुण भिक्षूकडे पाहून किंचित हसले. "तेव्हाचा थट्टेखोर पुष्कर तू होतास. उत्पलामाय म्हणजे चंदा, आणि कारभारी मी. जे शिकलो, ते काम करणाऱ्या हातांना विचारून वापरावे, हीच प्रज्ञा."

भिक्षू चंदाच्या घरी गेले. अंगणात विहाराची सात चीवरे तिने आदल्या दिवशीच धुऊन भिजत घातलेली होती. ती रंगवायची राहिली.