न सांडलेले पाणी

त्या रानात बाळंतपणे पुष्कळ होती आणि टिटव्या सातच. म्हणून भीती मोजूनच राखण मिळत असे.

मोजण्याची रीत जुनी होती. राणी हरिणीचे पहिले बाळंतपण जवळ आले, तेव्हा तिचे अंग सारखे थरथरत होते. ते पाहून दरबाराने ठरवले, की दिवस भरत आलेल्या प्रत्येकीच्या पाठीवर पाण्याने काठोकाठ भरलेली करवंटी ठेवायची. जितके पाणी सांडेल तितकी भीती. जिची भीती जास्त, तिच्याजवळ टिटवी बसे आणि घार दिसली की ओरडून रान जागे करी.

मोजणारा बगळा माळावर आला. साळूचे काटे असे खळखळले, की करवंटी अर्धी झाली. शेवटची टिटवी तिला मिळाली.

मग सशिणीची पाळी आली. तिची मागची चारही पिल्ले घारीने नेली होती. करवंटी पाठीवर येताच तिला ते आठवले आणि घाबरल्यावर ससे करतात तेच तिने केले. ती जागच्या जागी थिजली.

"एक थेंबही नाही," बगळा म्हणाला. "धीट आहेस हो."

तरी ती कुठे विणार ती जागा त्याने विचारून घेतलीच. राखण द्यायची नाही, तर जागा कशाला हवी, हे सशिणीच्या मनातून जाईना.

साळू तिच्या कानाशी आली. "अगं, जरा अंग हलवायचंस. मी तर चांगलंच हलवलं."

"अशा वेळी मला हलताच येत नाही गं," सशीण म्हणाली. त्यानंतर साळूकडे तिला पूर्वीसारखे बघता येईना.

दुसऱ्या सकाळी बगळा नोंद पक्की करायला तिच्या गवतात आला. तिला कळा सुरू झाल्या होत्या. पुन्हा करवंटी ठेवली, पुन्हा पाणी जसेच्या तसे.

"बगळेदादा," ती म्हणाली, "एकदा तुमच्या पाठीवर ठेवून बघा."

बगळ्याला गंमत वाटली. लांब मान वळवून त्याने करवंटी स्वतःच्या पाठीवर ठेवली.

तेवढ्यात गवतावरून एक सावली सरकली. कोणी ओरडले नाही. बगळ्याची मान ताठ झाली, उचललेला पाय तसाच राहिला. करवंटीतले पाणी काचेसारखे स्थिर होते आणि त्यात घार हळूहळू मोठी होत गेली.