झिलूने घर नीट केलं

किनाऱ्यालगतच्या एका गावात झिलू नावाचा एक भोळा गृहस्थ राहत होता. त्याला एक मोठी देणगी होती. सांगितलेलं तो कधी विसरत नसे. कुणी काही सांगितलं की ते त्याच्या डोक्यात चिऱ्यासारखं पक्कं बसे, आणि मग तिथे दुसऱ्या कशाला जागा उरत नसे.

झिलूचं घर अगदी समुद्रासमोर. मधे चार माड आणि थोडी वाळू. मागच्या पावसाळ्यात उधाणाचं पाणी थेट ओटीच्या पायरीला लागलं होतं. खाऱ्या वाऱ्याने दारं कुजली होती. त्यातच सासूबाईंचा पाय मोडला. त्यांच्याकडे बघायला तिकडे कुणी नव्हतं, म्हणून झिलूची बायको शेवंती त्यांना आणायला निघाली.

"आई आता इथेच राहणार," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून मी तिला सांगत आलेय, की आमचे हे शांत आहेत, पण खुळे नाहीत. आता ती स्वतःच्या डोळ्यांनी बघणार. मी येईपर्यंत घर नीट करून ठेवा. समुद्राकडे भिंत घाला. दारं नवी बसवा. मेस्त्री सांगतील तसं करायचं. स्वतःचं डोकं चालवायचं नाही."

"नाही चालवणार," झिलू म्हणाला. हा शब्द त्याने शेवटपर्यंत पाळला.

इनास गवंडी कामावर आला. तंबाखू मळत म्हणाला, "झिलू, आधी वाळू आण."

झिलूला त्याची कीव आली. एवढा किनारा समोर पसरलाय आणि मेस्त्री वाळू मागतोय! त्याने दहा पावलांवरून टोपल्या भरभरून आणल्या. इनासने चिमूटभर जिभेवर ठेवली आणि लगेच थुंकली.

"अरे, ही खारी वाळू! मीठ भिंतीला खाऊन टाकतं. यापुढे काहीही आणलंस ना, आधी विहिरीवर ने. गोड्या पाण्याने खळखळून धू. मग माझ्यासमोर ठेव. कळलं?"

"कळलं," झिलू म्हणाला. आणि खरंच त्याला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो सिमेंट घेऊन आला. इनासकडे न जाता सरळ विहिरीवर गेला. पोतं फोडून सिमेंट घंगाळात ओतलं आणि धुवायला लागला. पाणी काही स्वच्छ होईना. दुकानदाराने किती मळकं सिमेंट दिलं म्हणून तो चरफडला. शेवटी दमून जरा पडला. उठून बघतो तर घंगाळात एक गुळगुळीत धोंडा.

तो धोंडा त्याने घंगाळासकट इनाससमोर ठेवला.

इनासने कपाळावर हात मारला. "अरे, सिमेंटला पाणी म्हणजे विष! थेंब लागता कामा नये. वर ताडपत्री घालायची. दव पडलं तर पुसायचं. कोरडं म्हणजे कसं, खडखडीत! कळलं?"

"आधी सांगायचं नाही का," झिलू म्हणाला. "कळलं."

नवीन सिमेंट आलं. इनासने समुद्राकडची भिंत उभी केली. भिंत झाल्याझाल्या त्याला मेव्हण्याच्या लग्नाला जायचं होतं. जाताजाता तो एवढंच म्हणाला, "सिमेंटचं काम आहे. लक्ष ठेव."

झिलूने असं लक्ष ठेवलं की विचारू नका. भिंतीवर ताडपत्री घातली. पहाटे उठून टॉवेलने दव पुसलं. शेजारीण अंगणात सडा घालायला लागली, तर हा हात जोडून उभा. "वहिनी, जरा तिकडच्या बाजूला. इकडे सिमेंट आहे."

मेस्त्री लग्नाहून आला तेव्हा भिंतीवर एक कावळा बसला होता. तो उडाला आणि वरचा चिरा खाली पडला. इनासने सांध्यात बोट घातलं. सांध्यातून भुसा गळावा तसं सिमेंट गळलं.

"एक थेंबही लागू दिला नाही!" झिलू अभिमानाने म्हणाला.

इनास ओरडला, "अरे माणसा, नव्या कामाला पाणी पाजावं लागतं! सकाळ, दुपार, संध्याकाळ! ओलं गोणपाट गुंडाळायचं आणि बादल्या ओतायच्या. नवं काम जेवढं भिजेल तेवढं पक्कं होतं. कळलं?"

"कळलं."

इनासने भिंत पुन्हा बांधली. या वेळी मात्र तो स्वतः तिथेच ठाण मांडून बसला आणि स्वतःच पाणी मारलं. झिलूला जवळ येऊ दिलं नाही. म्हणून ती भिंत खरोखर भक्कम झाली.

मग भिवा सुताराने नवी दारं बसवली. फणसाच्या लाकडाची, पिवळीधमक. झिलूने ती पाहिली. नवं काम! त्याने दारांना ओलं गोणपाट गुंडाळलं आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ बादल्या ओतल्या.

भिवा कड्या बसवायला आला, तर एक दार मिटेना. लाकूड फुगून टम्म झालेलं.

भिवा अबोल माणूस. त्याने रंधा आणि करवत काढली. "जे चौकटीत अडतं ना झिलू, ते कापायचं. अडायचं थांबेपर्यंत तासत राहायचं. दुसरा उपाय नाही."

"कळलं," झिलू म्हणाला. भिवा घाईत करवत तिथेच विसरून गेला.

सासूबाई टेम्पोतून आल्या. प्लॅस्टरमधला पाय पुढे, आणि मागे त्यांचा सागवानी पलंग. या पलंगाशिवाय त्यांना झोप येत नसे. भिंत पाहून त्या म्हणाल्या, "भिंत बरी घातलीये हो जावयांनी." शेवंतीला भरून आलं. ती आईला शेजारणीच्या ओटीवर बसवून चहा घेऊन येईपर्यंत झिलूने पलंग दाराशी नेला. पलंग चौकटीत अडला.

शेवंती आली तेव्हा पलंग घरात पोचलेला होता. चारी पाय बाहेर होते.

"थोडं थोडंच कापत होतो," झिलू म्हणाला. "पण अडायचं थांबेचना."

सासूबाईंनी पायांकडे पाहिलं, मग लेकीकडे. "शांत आहेत," त्या म्हणाल्या.

शेवंतीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने झिलूला बाजूला घेतलं. "अहो, दारात आलेल्याला कापतात का? त्याला वाट करून द्यायची! चौकट काढा, वेळ पडली तर भिंत पाडा, पण येणाऱ्याला आत घ्यायचं. एवढं तरी ध्यानात ठेवाल?"

बायको रडलेली झिलूने प्रथमच पाहिली. त्याला फार वाईट वाटलं. काही झालं तरी हे विसरायचं नाही, असं त्याने मनाशी ठरवलं.

आठवडाभर सगळं नीट चाललं. मग वटपौर्णिमा आली. शेवंती नवी साडी नेसून, पूजेचं ताट घेऊन देवळाजवळच्या वडाकडे गेली. सासूबाई बिनपायाच्या पलंगावर पडल्या होत्या. झिलू ओटीवर बसला होता. भरदुपारी समुद्राला मोठं उधाण आलं.

पाणी माडांपर्यंत आलं. मग भिंतीपर्यंत आलं. आणि तिथे अडलं.

झिलू बघत राहिला. लाट येई, भिंतीला धडक देई, मागे जाई, पुन्हा येई. किती वेळ बिचारा समुद्र ताटकळत होता! झिलूला आपलीच लाज वाटली. तो लगबगीने उठला आणि पहार घेऊन भिंतीशी गेला. भिंत चांगली झाली होती. घामाघूम होईपर्यंत तो खणत होता. शेवटी एक चिरा हलला, दुसरा हलला, आणि मधोमध दारापेक्षा मोठी वाट पडली.

"या," झिलू बाजूला होऊन म्हणाला. "आता अडायचं नाही."

शेवंती पूजा करून परतली, तेव्हा ओटीवरून समुद्र आत-बाहेर करत होता. माजघरात गुडघाभर पाणी. पलंग चुलीपासून देवघरापर्यंत हेलकावे घेत होता आणि त्यावर सासूबाई दोन्ही हातांनी कडा धरून बसल्या होत्या.

"अहो, हे काय केलंत?"

"आत येत होता," झिलू म्हणाला. "मी वाट करून दिली."

पलंग तरंगत तरंगत दाराशी आला. सासूबाईंनी लेकीच्या हातातलं ताट पाहिलं. "काय गं, वडाला काय मागून आलीस?"

"हाच नवरा," शेवंती पुटपुटली. "सात जन्म."

मग शेवंतीने ताट झिलूच्या हातात दिलं, पदर खोचला आणि आली तशी धावत वडाकडे सुटली, गुंडाळलेलं सूत सोडवायला.