यहुद्याच्या तोंडी घातलेली ओळ

"ही ओळ तुम्हीच घातलीत ना, फादर ओदिलो?"

रुफिनोने दोन्ही ग्रंथ मेजावर आपटले. एक याच मठातला. दुसरा दरीपलीकडच्या मठातून नकलेसाठी उसना आणलेला, फार जुना. दोन्ही हजार वर्षांपूर्वीच्या एकाच यहुदी इतिहासकाराच्या ग्रंथाच्या नकला.

"जुन्यात येशूचं नुसतं नाव आहे. आपल्यात यहुदी म्हणतो, 'हाच तारणारा होता.' आणि अक्षरांच्या शेपट्या तुमच्या. आम्हाला छड्या मारून शिकवल्यात, त्याच."

मठात ग्रंथांच्या नकला करणाऱ्या सगळ्यांचा ओदिलो गुरू, तरुण रुफिनोचाही. म्हाताऱ्यांची एक खोड असते. पकडले गेले की आधी पोराचं कौतुक करतात.

"नजर चांगली आहे तुझी."

"नजर राहू द्या. का घातलीत?"

"आपले लोक म्हणणारच रे. परक्याने म्हणायला हवं होतं..."

"त्याने नाही म्हटलं!"

"नाही."

"आणि दर गुड फ्रायडेला हीच वाचता! लोक गुडघे टेकून रडतात!"

"मीही रडायचो... पहिली एकदोन वर्षं."

ओदिलोने खरवडायची सुरी पुढे केली.

"घे. काढून टाक."

रुफिनो त्वेषाने खरवडू लागला. शाई पानाच्या कातड्यात खोल मुरलेली. कातडं पातळ होत गेलं.

ओदिलोने पान उचलून खिडकीसमोर धरलं. उन्हात पाठच्या बाजूची अक्षरं उलटी उजळली.

"वाच."

रुफिनो उलटी अक्षरं लावत वाचू लागला. रोमन सैनिकांनी तलवारी उपसल्या होत्या. यहुदी जमिनीवर आडवे झाले होते. सम्राटाची मूर्ती शहरात येऊ देणार नाही, म्हणून त्यांनी आपल्या माना उघड्या केल्या होत्या...

सुरी नेमकी त्या मानांवर चालली होती.

रुफिनोने पातळ झालेल्या कातड्यावरून बोट फिरवलं.

"आणखी खरवडलं तर..."

"ही माणसं जातील."

"मग खोटं तसंच राहणार?"

"या ग्रंथात राहील. तुझ्या नकलेत काय उतरेल ते तू बघ."

रुफिनोने सुरी खाली ठेवली. जुना ग्रंथ जवळ ओढला, लेखणी बुडवली. पण राग गेला नव्हता.

"तुमचं काय बिघडलं, फादर? तुम्ही तर गुरू झालात."

ओदिलोने आपला ग्रंथ हळूच मिटला.

"ती ओळ घातल्यापासून चाळीस वर्षं रोज बायबल वाचतोय. त्यातली एकही ओळ मला खरी वाटलेली नाही."