हैबतीची पारख

एका गावात एक भोळा माणूस राहत होता. नाव त्याचं हैबती. नाव ऐकून दचकावं आणि माणूस बघून हसावं, असा प्रकार. भोळा म्हणजे किती? कुणी 'जरा थांब' म्हणालं तर 'आता जा' म्हणेपर्यंत तो तिथंच उभा. एकदा म्हणणारा माणूस परगावी निघून गेला होता, तेव्हा गावाने मिळून हैबतीला घरी आणलं होतं.

पण एक होतं. एकदा सांगितलेलं तो जन्मात विसरत नसे. सगळा घोटाळा त्यामुळेच व्हायचा.

त्याची बायको चांगुणा मात्र हुशार. घरात या दोघांशिवाय हैबतीची धाकटी बहीण शेवंता होती. आईबाप लवकर गेले, तेव्हापासून चांगुणानेच तिला लेकीसारखं वाढवलं. त्या वर्षी शेवंताला एक चांगलं स्थळ सांगून आलं. मुलगा आनंदा, कामाला वाघ, स्वभावाने गरीब. शेवंताने त्याला जत्रेत लांबून बघितला होता आणि तो तिला आवडला होता. ती तसं बोलली नाही, पण त्या दिवशी तिने भाकरी दोनदा करपवली, तेव्हा चांगुणाला कळलं.

अडचण होती ती मुलाच्या बापाची. केरबा आबा जेवणावरून घर पारखायचे. एका घरातून ते शेंगदाण्याची चटणी खवट लागली म्हणून उठले. दुसऱ्या घरातून दोडका जून निघाला म्हणून. ज्यांना धड भाजी निवडता येत नाही, त्यांनी पोरीला काय वळण लावलं असणार, असं त्यांचं म्हणणं. ते जेवायला येणार होते पाच आठवड्यांनी, शुक्रवारी. आणि हे ठरलं नेमका त्याच दिवशी चांगुणाचा पाय विहिरीच्या पायरीवरून घसरला. हाड बसवणाऱ्याने पाय बांधून टाकला आणि सव्वा महिना जमिनीला टेकवायचा नाही म्हणून बजावलं. लग्न ठरायला आलेल्या पोरीने एकटीने बाजारात हिंडायचं नाही, अशी गावाची रीत. राहिला कोण? हैबती.

पेठेचा बाजार गुरुवारी भरायचा. चांगुणाने बोटांवर मोजलं. पाच गुरुवार. चार शिकायला, पाचवा खरा. चार बाजारांत तर गाढवही वाट शिकतं, असं म्हणून तिने देवाला हात जोडले.

पहिल्या गुरुवारी तिने त्याला भेंडी आणायला पाठवलं. बाजारात एक माणूस मोठ्याने ओरडत होता, "लोण्यासारखी भेंडी!" हैबतीला वाटलं, एवढा घसा फोडून सांगतोय तर खोटं कशाला सांगेल. त्याने पिशवी भरून घेतली. चांगुणाने एक भेंडी विळीवर धरली. विळी अडली, भेंडी चिरली नाही.

चांगुणाने त्याला शेजारी बसवलं आणि शांतपणे सांगितलं, "अवो, घ्यायच्या आधी टोक मोडून बघायचं. कट्कन मोडलं तर कवळं. मग घ्यायचं. आन् एकच मोडून काय कळतंय? समदी बघायची."

"समदी बघायची," हैबती म्हणाला. आणि ते त्याने मनात पक्कं केलं.

दुसऱ्या गुरुवारी त्याला पापड आणायचे होते. एका म्हातारीने उडदाचे पापड मांडले होते, एकावर एक, नीट रचून. हैबती उकिडवा बसला. त्याने वरचा पापड उचलला आणि कड मोडली. कट्. त्याला फार बरं वाटलं. दुसरा उचलला. कट्. म्हातारीने विचारलं, बाबा, करतोयस काय? तो म्हणाला, कवळं बघतोय. म्हातारीला कमी दिसायचं, ऐकूही कमी यायचं. तिला वाटलं, मोजतोय. एकूण साठ पापड होते. साठच्या साठ कवळे निघाले. एवढा चांगला माल एका जागी मिळाला म्हणून हैबती वाटभर गाणं म्हणत आला.

चांगुणाने पिशवी उघडली. तिने एकामागून एक बिनकडेचे पापड बाहेर काढले. मग म्हणाली, "पापड मोडायचा नसतो. त्यो उन्हाकडं धरायचा. पल्याडचं दिसलं तर पातळ, घ्यायचा. न्हाई दिसलं तर जाड, ठिवून द्यायचा."

हैबतीने मान डोलावली. हे तर सोपं होतं.

तिसऱ्या गुरुवारी दूध. घरची म्हैस आटली होती आणि पाहुण्यांना खीर करायची तर चांगलं दूध कुठं मिळतं ते आधी बघून ठेवायला हवं होतं. बाजाराच्या तोंडाशी तीन गवळी बसत. हैबतीने चहावाल्याकडून काचेचा पेला मागून आणला. पहिल्या गवळ्याचं दूध त्यात घेतलं आणि उन्हाकडं धरलं. पलीकडचं काही दिसेना. "जाड आहे," असं म्हणून त्याने ते परत चरवीत ओतलं. दुसऱ्याच्या दुधातून लिंबाचं झाड अंधूक दिसलं. बरं होतं, पण मन भरलं नाही. तिसऱ्याच्या दुधातून चहाच्या दुकानावरची पाटी दिसली. पाटीवरची अक्षरं दिसली. शेवटची ओळ बारीक होती, तीही हैबतीने वाचली.

"हेच पाहिजे," तो म्हणाला आणि सगळी चरवी घेतली. त्या गवळ्याला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी असं पारखून निवडलं होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दुधात होतं त्यापेक्षा ते कमीच होतं.

चांगुणाने ते दूध तापवलं. साय येईना. तिने आणखी तापवलं, तर ते सगळं आटून गेलं. आता मात्र ती रागावली. दूध जाडच असावं आणि बाजारातलं आयतं काही घेऊच नये, असं म्हणाली. डोळ्यांदेखत काढून देतील तेच खरं, बाकी सगळं पाणी. मग तिलाच वाईट वाटलं आणि तिने त्याला गरम भाकरी वाढली. हैबतीने भाकरी खाल्ली आणि शब्द लक्षात ठेवले.

चौथ्या गुरुवारी अंडी. चांगुणाच्या हाडाला बळ यावं म्हणून हाड बसवणाऱ्याने ती खायला सांगितली होती. कोंबड्या विकणाऱ्या एका बाईकडे टोपलीभर गावठी अंडी होती, पहाटेची, अजून कोमट. तिने डझनभर काढून पुढे केली.

हैबती म्हणाला, आयती नकोत, डोळ्यांदेखत पाहिजेत.

बाई दिवसभरात तऱ्हेतऱ्हेची गिऱ्हाइकं बघायची. तिने डाल्याखालच्या एका तांबड्या कोंबडीकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, बस तिच्यापुढं. हैबती बसला. कोंबडीने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि पाठ केली. हैबती उठून पलीकडे गेला आणि पुन्हा तिच्या समोर बसला. कोंबडी फिरली. हैबतीही फिरला. असं दुपारपर्यंत चाललं. शेवटी कोंबडी दमली की लाजली कोण जाणे, पण उन्हं उतरायला लागली तेव्हा तिने एक अंडं घातलं. हैबती ते दोन्ही हातांत धरून घरी आला. इतकं ताजं अंडं गावात कुणी आणलं नव्हतं. फक्त ते एकच होतं.

आता पुढचा बाजार शेवटचा. चांगुणाने कपाळाला हात लावला. ती म्हणाली, अवो, एकाच ठिकाणी बसून राहायचं नसतं. एक बघायचं, पुढं जायचं, दुसरं बघायचं. पुढं याहून चांगलं मिळतं. मग तिने यादी तोंडपाठ करून घेतली: वांगी, गवार, कोथिंबीर, गूळ, शेंगदाणे, तांदूळ. हैबतीने ती सात वेळा न चुकता म्हणून दाखवली. शेवंता दारात उभी राहून ऐकत होती. सातव्या वेळेला तिच्याही जिवात जीव आला.

पाचव्या गुरुवारी हैबती भल्या सकाळी गेला. काटेरी देठाची, तुकतुकीत वांगी दिसली. फार चांगली होती. पण पुढं याहून चांगलं मिळतं. तो पुढं गेला. गवार दिसली, हिरवीगार. पुढं गेला. गूळ असा की मुंग्यांनीही रांग लावलेली. पुढं गेला. असा तो बाजाराच्या टोकाला पोचला. टोकाला बाजार संपला, पण रस्ता संपला नव्हता. तो पुढच्या गावाला गेला. तिथला बाजार सोमवारचा. संध्याकाळी तो रिकामी पिशवी घेऊन घरी आला आणि म्हणाला की वांगी आजवर बघितली नाहीत अशी होती.

चांगुणा त्याला ओरडली नाही. ती रडली. शेवंता आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. ते बघून हैबती पिशवी खाली ठेवून तिथंच बसला. बहिणीवर त्याचा जीव होता आणि आपण कुठं चुकलो तेच त्याला कळत नव्हतं. त्याने चांगुणाला विचारलं, आता तरी सांग, कसं करायचं असतं?

चांगुणाने पदराने डोळे पुसले. "पुढं पुढं केलं की हातचं जातं. चांगलं म्होरं आलं की तितंच पारखायचं. पारखून पटलं की मग सोडायचं न्हाई, कुणी कायबी म्हणू दे."

"तू म्हणालीस तरी?"

"मी म्हणाले तर सोडा," चांगुणा म्हणाली. "दुसऱ्या कुणाचं ऐकू नगा."

सकाळी चांगुणाने जे होतं त्यावर निभवायचं ठरवलं. शेवंताने परसातला शेवगा झोडला. कुंपणावर एक भोपळा चढला होता, तो उतरवला. बांधावरची अंबाडी खुडली. शेजारणीकडून ताकाची कासंडी आली. चुलीवर भाकऱ्या फुगायला लागल्या तेव्हा चांगुणा एका पायावर बसून भाजीला फोडणी देत होती आणि मनात नवस बोलत होती.

केरबा आबा पाच माणसं आणि मुलाला घेऊन आले. जेवायला बसले. पहिल्या घासाला थांबले. चांगुणाने नवसात आणखी एक नारळ वाढवला. आबांनी दुसरा घास घेतला, मग तिसरा, मग शेंगा चोखायला लागले. त्यांनी विचारलं, एवढं ताजं कुठल्या बाजारातून आणता?

हैबतीने खरं ते सांगितलं. म्हणाला, काल सगळा बाजार फिरलो, काहीच घेतलं नाही.

केरबा आबांनी हातातली भाकरी खाली ठेवली. यांच्या पसंतीला अख्खा बाजार उतरला नाही! असा चोखंदळ माणूस त्यांना आजवर भेटला नव्हता. ताक पिऊन त्यांनी ढेकर दिली आणि ओसरीवर येऊन बसले. पाचही पाहुणे सतरंजीवर ओळीने बसले. सुपारी पुढे ठेवली गेली.

"हैबतराव," आबा म्हणाले, "पोरगी पसंत हाय आमास्नी. तिला बाप न्हाई, थोरलं तुमी. तुमी हो म्हणा, सुपारी फोडतो."

दाराआड शेवंताने डोळे मिटून घेतले. आता एका शब्दाचं काम होतं.

हैबती 'हो' म्हणणारच होता. तेवढ्यात त्याला आठवलं. आधी पारखायचं. त्याने आनंदाला अंगणात बोलावलं आणि उन्हात उभं केलं. एक डोळा बारीक करून त्याच्याकडे बघितलं. पलीकडचं काही दिसत नव्हतं. पापड म्हणून वाईट, पण दूध म्हणून उत्तम. हैबती आता शिकला होता. त्याने मान डोलावली. आबा शेजारच्या पाहुण्याला कोपराने ढोसून म्हणाले की बघा, माणूस उजेडात पारखतोय. मग हैबतीने आबांना विचारलं, हा आयता आणला की तुमच्या डोळ्यांदेखत वाढला? आबांचा ऊर भरून आला. ते म्हणाले, डोळ्यांदेखत.

हैबतीने आनंदाचा हात हातात घेतला. सगळ्यांना वाटलं, झालं, सोयरीक जुळली. हैबतीने त्याची करंगळी निवडली.

कट्.

"कवळा हाय," हैबती म्हणाला. "पटला."

बोट मोडलं नव्हतं, नुसता सांधा वाजला होता. पण आनंदाने अशी बोंब मारली की शेजारची म्हैस दावं तोडून पळाली. केरबा आबा ताडकन उठले, पागोटं सावरलं आणि सगळ्यांना चला म्हणाले. सगळे निघाले. आनंदा निघेना, कारण त्याची करंगळी हैबतीच्या मुठीत होती. आबा म्हणाले, सोडा. पाहुणे म्हणाले, सोडा. हैबती म्हणाला, पारखून पटलं की सोडायचं नसतं. आबांनी ओढून बघितलं. आनंदा पुन्हा ओरडला, तेव्हा आबांनी ओढायचं थांबवलं.

चांगुणा लंगडत उंबऱ्याशी आली. तिने एकदा बघून घेतलं. शेवंता ओलं फडकं घेऊन अंगणात धावली होती, आणि आनंदा कण्हता कण्हता तिच्याकडेच बघत होता.

आबा चांगुणाला काकुळतीने म्हणाले, "वैनी, सांगा की यास्नी."

"सांगते की आबा," चांगुणा म्हणाली. "तेवढी सुपारी फुटू द्या."

आबांनी मुलाकडे बघितलं. आनंदा म्हणाला, "फोडा आबा. बोट हितंच ऱ्हातंय, तर मी तरी कुटं जाऊ?"

पाहुणे गुमान पुन्हा सतरंजीवर ओळीने बसले. आबांनी सुपारी फोडली. गूळ नव्हता, म्हणून सगळ्यांच्या हातावर भोपळ्याची गोड फोड ठेवली. शेवंताच्या कपाळाला कुंकू लागलं आणि चांगुणाने डोळ्यांतलं पाणी पुसत नवऱ्याला सांगितलं की सोडा आता, झालं तुमचं काम.

हैबतीने लगेच करंगळी सोडली. बहिणीचं चांगलं झालं म्हणून त्याला धन्य वाटलं. मग त्याला भेंडी आठवली, आणि हात पुसून तो सतरंजीकडे वळला. एकच मोडून काय कळतंय? त्याने कडेला बसलेल्या पाहुण्याचा हात प्रेमाने हातात घेतला.