वीतभर चाक

धाकटी लेक तापातून उठली, त्या वर्षी मी देवापाशी एक नेम बोलले होते. चातुर्मासात रोज तिन्हीसांजेला दिवा लावायचा आणि समोर जो कोणी लहानमोठा बसेल त्याला एक गोष्ट सांगायची. गोष्ट झाल्याशिवाय आपण ताटावर बसायचं नाही. गोष्ट देवाचीच हवी असं नाही, पण तिच्यात कुणाचं वाईट चिंतलेलं नसावं. देवाने तो नेम माझ्याकडून पार पाडून घेतला. त्या चार महिन्यांतली ही एक गोष्ट. त्या दिवशी समोर शेजारची तीन मुलं बसली होती आणि त्यांना मोटारीचीच गोष्ट हवी होती.

एका गावात एक पिकअपवाला राहत होता. त्याचं नाव केरबा. गाव म्हणजे डांबरी सडकेपासून आत पडलेली अकरा घरांची वस्ती. घरोघरी दोन-तीन म्हशी. केरबा रोज सकाळी सगळ्यांच्या दुधाचे कॅन गाडीत भरायचा आणि सडकेवरच्या डेअरीत पोचवायचा. ऊन चढायच्या आत पोचलं तर ते दूध, नाही तर ओतून द्यायचं पाणी.

वस्तीतून सडकेला जायला वाट एकच, आणि ती गयाबाईच्या रानातून. गयाबाईला मागेपुढे कोणी नव्हतं, एक लेक होती ती सासरी. रानही थोडकंच. तिच्या सासऱ्याने पूर्वी बैलगाड्यांसाठी त्या रानातून दोन दगडी पट्ट्या बसवून दिल्या होत्या. एकेक पट्टी दीड वीत रुंद. एका पट्टीवर डावं चाक, दुसरीवर उजवं. पिकअप आल्या तेव्हा त्यांची चाकंही त्याच मापाला लागली. गयाबाईचं म्हणणं एवढंच असे, "वाट चाकापुरती. दगडाबाहेरचं माझं." आणि ती अगदी दगडाला चिकटून वाफे घालायची.

भाद्रपद सरताना तिच्या लेकीचे दिवस भरले. गयाबाई बाळंतपणाला निघाली. वाफ्यांत कांद्याचं रोप बोटभर आलेलं. वस्तीवर पिकअपवाले दोन, केरबा आणि श्रीपती. तिने दोघांना बोलावून घेतलं.

"या रोपावर माझं सगळं वर्ष आहे. दसऱ्यानंतर हेच उपटून रानभर लावायचं. चाक दगडावर राहू द्या."

"मावशी, तुम्ही निवांत जावा. नातवाचं तोंड बघा," श्रीपती म्हणाला. केरबाने नुसती मान हलवली.

श्रीपती भाजी आणि फुलं वाहायचा. त्याने नुकतेच गाडीला रुंद टायर घातले होते. चकचकीत रिंगा, आणि चाकं गाडीच्या अंगाबाहेर चार बोटं आलेली. गाडी कशी ऐटीत उभी राहायची. सडकेवरची माणसं थांबून बघायची.

केरबाचे टायर मात्र झिजून गुळगुळीत झाले होते. बदलणं भाग होतं. त्याची बायको अनसूया म्हणाली, "नवमीला गाडीची पूजा करायची. आपली गाडी श्रीपतीभाऊजींच्या गाडीशेजारी उभी राहणार. जरा बघण्यासारखी करा की या वर्षी."

केरबालाही तसंच वाटत होतं. रुंद टायर त्याला परवडणारे होते. तालुक्याला जाताना त्याने मनात तेच धरलं होतं.

टायरवाले बशीरभाई जुने जाणते. त्यांनी दोन टायर भिंतीला टेकवून उभे केले. एक रुंद, एक अरुंद.

"हा रुंद घाल. गाडी गाडीसारखी दिसेल."

केरबाने रुंद टायरवर वीत ठेवली. वीत संपली आणि वर चार बोटं लागली. 

"आमच्या वाटेला दगडाची पट्टी आहे, दीड वीत," तो म्हणाला.

"मग बसतोय की त्याच्यात."

"बसतो. पण जरा हात हलला की बाहेर."

"बाहेर गेलं तर जातंय. दगडाला कोण विचारतंय?"

"दगडाशेजारी रोप आहे."

"कुणाचं?"

"एका बाईचं. ती गावाला गेलीय."

बशीरभाई हसले. "म्हणजे बघायलाही कोणी नाही."

 केरबाने अरुंद टायरकडे बोट केलं.  बशीरभाईंनी चारही चाकं बसवून दिली.

वस्तीवर आल्यावर हसायला निमित्त झालं. श्रीपती म्हणाला, "केरबा, गाडीला बगळ्याचे पाय लावून आणलेस होय रे? आता पाण्यात उभी करून मासे धरायचे." सगळे हसले. अनसूया हसली नाही. ती घरात जाऊन भांडी घासत बसली, आणि त्या दिवशी भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा जास्त येत होता. 

षष्ठीच्या रात्री परतीचा पाऊस आला. सकाळपर्यंत गयाबाईच्या रानातली काळी माती लोण्यासारखी झाली. दगडी पट्ट्या तेवढ्या धुऊन निघाल्या होत्या. केरबा दूध घेऊन सावकाश गेला आणि सावकाश आला. चाक दगड सोडून उतरलं नाही.

मागून श्रीपती भाजी घेऊन निघाला. त्याची चाकं मुळात बाहेर आलेली. अर्धं चाक दगडावर, अर्धं चिखलात. मध्यावर गाडी घसरली. पुन्हा दगडावर घ्यायला जावं तर आणखी घसरायची. शेवटी त्याने विचार केला, दगड सोडून कडेने जोर लावू. गाडी वाफ्यात घातली. चाकं तिथेच गरगर फिरली आणि रुतली. ट्रॅक्टर आणून ओढून काढेपर्यंत चार वाफे चिखल झाले. ओळीने लावलेलं रोप कुठे होतं ते ओळखू येईना.

"पाऊसच तसा," श्रीपती म्हणाला. 

नवमीला सकाळी सकाळीच गयाबाई परत आली. कडेवर गाठोडं, चेहऱ्यावर नातीचा आनंद. रानात पाऊल टाकलं आणि तो आनंद विझला. तिने आरडाओरडा केला नाही. बांधावरच्या बाभळीच्या काट्या ओढून आणल्या, वाटेच्या तोंडाशी आडव्या टाकल्या आणि शेजारी बसून राहिली.

वस्ती गोळा झाली. केरबाच्या गाडीत अकरा घरांचं दूध. श्रीपतीच्या गाडीत झेंडूच्या फुलांचे ढीग, दुसऱ्या दिवशी दसरा. ऊन वर येत होतं.

गर्दीतला एक जण म्हणाला, "एकटी बाई आहे. काट्या काढायला किती वेळ लागतो?"

"रान तिचं आहे," केरबा म्हणाला. तो गाडीतून उतरला आणि गयाबाईपाशी जाऊन उभा राहिला. "मावशी, दूध नासेल."

"माझं वर्ष नासलं, त्याचं काय?"

"ते झालंच. ते नाही म्हणत नाही मी."

"दोघांना सांगून गेले होते. दोघांनी माना हलवल्या होत्या. आता कुणाचं चाक गेलं ते मी काय ओळखू?"

केरबाने श्रीपतीकडे बघितलं नाही. "माप घ्या," तो म्हणाला.

गयाबाई उठली. वाफ्यात रुतलेल्या खुणेशी बसली. दोन दिवसांच्या उन्हात चिखल वाळून खूण पक्की झाली होती. तिने त्यावर वीत ठेवली. वीत आणि वर चार बोटं. मग केरबाच्या गाडीपाशी आली आणि चाकावर वीत ठेवली. चाक वितीच्या आतच संपलं. तिने हात तसाच ठेवला आणि नव्या रबरावरच्या नक्षीवरून बोट फिरवलं.

"नवीन दिसतात. कधी घातलेस?"

"तुम्ही गेल्यावर."

"मी तर नव्हते इथे."

"रोप होतं की, मावशी."

गयाबाईने डोळ्यांना पदर लावला, तो उन्हामुळे की कशामुळे हे तिचं तिला ठाऊक. मग वाकून तिने स्वतःच्या हाताने एकेक काटी बाजूला केली.

"या मापाचं चाक जाईल. दुसरं नाही."

केरबा गाडीत बसायला वळला, तर श्रीपती खाली मान घालून झेंडूपाशी उभा. आजच्या आज बाजारात गेला नाही तर त्या फुलांना उद्यानंतर कोण विचारणार? केरबा म्हणाला, "मावशी, ह्याची फुलं माझ्या गाडीत घालू का?"

"गाडी तुझी. माझा संबंध चाकाशी."

दुधाच्या कॅनांवर गोणपाट पसरलं आणि त्यावर झेंडू रचला. अनसूया पुढे झाली आणि आपल्याच हाताने फुलं चढवू लागली. गाडी दगडावरून निघाली. दोन्ही बाजूंचं उरलेलं रोप जसंच्या तसं उभं राहिलं, एक पात हलली नाही.

श्रीपती मागेच राहिला होता. तो गयाबाईपाशी आला. "मावशी, काय करू सांगा."

"बी आहे माझ्याकडे थोडं. उद्या सणाचं नको. परवा खुरपं घेऊन ये."

तो आला. चार वाफे त्याने गुडघ्यांवर बसून पुन्हा केले. बी उशिरा पडलं, त्यामुळे त्या वर्षी गयाबाईचा तेवढा कांदा मागे राहिला, पण आला. आणि त्या खुरपणीच्या आठवड्यातच एके दिवशी श्रीपतीने केरबाला हळूच विचारलं, "बशीरभाईंचं दुकान शुक्रवारी उघडं असतं का रे?"

तात्पर्य: जगाची वाट कुणाच्या ना कुणाच्या रानातून जाते, धनी बघत नसतानाही जो आपलं चाक वाटेपुरतंच ठेवतो, त्याच्यासाठी काट्या आपोआप बाजूला होतात. म्हणून हात जोडून एवढंच मागणं, बाळांनो: काही नवीन घ्याल तेव्हा ते कसं दिसेल हे जरूर बघा, पण घेण्याआधी एकदा त्यावर आपली वीत ठेवा, आणि शेजारी कुणाचं रोप आहे ते आठवा.