अजून एक फेरी

मैदानांना कुंपणं नव्हती त्या काळातली गोष्ट. एका गावात बिजली नावाची बॅट होती. गावच्या खेळपट्टीवर तिनं इतकी शतकं ठोकली की शेवटी तिला देशाच्या संघात घेतलं. परदेशातल्या हिरव्यागार खेळपट्टीवर मात्र चेंडू असा उसळला की थेट तिच्या खांद्यावर आदळला. चार डावांत अकरा धावा करून, खांद्याला तडा घेऊन ती घरी आली.

आली ती सरळ गावची खेळपट्टी दाबून सपाट करणाऱ्या रोलरकाकांवर तुटून पडली.

"काका, तुम्ही माझा घात केलात! जन्मभर मला चटईसारखी सपाट खेळपट्टी दिलीत. गवताचं एक पातं उभं राहू दिलं नाहीत. उसळता चेंडू म्हणजे काय, ते मला कळणार कसं? आणि शतक झालं की कौतुक करायला तुम्हीच पुढे!"

रोलरकाका करकरले. "माझ्यावर कशाला डाफरतेस? मी काय आपणहून फिरत होतो? रोज सकाळी 'काका, अजून एक फेरी' असं कोण म्हणायचं?"

 बिजलीचा राग मात्र तसूभरही उतरला नाही. आता तो कुणावर काढायचा, एवढंच तिला कळेना.

तेवढ्यात शेजारच्या पिशवीतून एका कोऱ्या बॅटचा लाडिक आवाज आला, "काका, माझ्यासाठी अजून एक फेरी माराल ना?"

रोलरकाका हलले. बिजलीनं खेळपट्टीवर धाडकन अंग टाकलं आणि ती ओरडली, "मारा फेरी! पण आधी माझ्यावरून जा!"